मुक्ताबाईचं घर आणि माझ्या कड्या

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या पारनेरात ज्याला त्याला पाण्याचा ध्यास लागला होता आणि माझ्या शेजारणीला घर विकण्याचा. दोन्हींचा ताप झाला मला, कारण तिच्या आणि माझ्या घराची मधली भिंत एकच. तिकडं तिनं खिळा ठोकला की इकडं माझ्या फळीवरचे डबे नाचायचे. शेवटी मी डबे खाली उतरवून कोपऱ्यात मांडले आणि तिचं घर विकलं जाईपर्यंत तिथंच ठेवले.

मी पुष्पावती. ओट्यावर मशीन टाकून गल्लीतल्या बायकांची पोलकी-परकर शिवायचे. ओट्यावर बसणाऱ्या माणसाला गल्लीतलं सगळं दिसतं आणि नको असलं तरी ऐकू येतं. मुक्ताबाई लग्न होऊन शेजारच्या घरात आली तेव्हाही मी ओट्यावरच होते. हाडापेरानं मजबूत, सावळी, बोलायला फटकळ. माहेर पाथर्डीकडच्या कोरड्या माळावरचं. तिचा भाऊ भिमाजी ऊसतोडीला जाता जाता देवळाली प्रवराकडं साखर कारखान्यात कायमचा चिकटला आणि त्यानं तिच्या नवऱ्यालाही, काकासाहेबांना, तिकडं काम मिळवून दिलं. काकासाहेब तिथं एका खोलीत चौघांबरोबर राहायचे आणि पगार झाला की घरी यायचे. मुक्ता इकडं दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची.

भिमाजीच्या घराजवळ दोन खोल्या विकाऊ होत्या. मागं पाटाचं पाणी, दारात लिंबाचं झाड. मालकानं निरोप पाठवला होता, पाडव्यापर्यंत थांबतो, नंतर दुसऱ्याला देतो. म्हणजे पाडव्याच्या आत इथलं घर विकलं गेलं तरच तिथलं हाती लागणार होतं.

पाणी हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण आमची गल्ली. लग्नाला इतकी वर्षं होऊन मुक्ताला मूल नव्हतं. गल्लीत बारसं असलं की तिला बोलावणं जायचं ते पाळणा म्हणून झाल्यावर, घुगऱ्या वाटायच्या वेळी. गर्भारशी सून तिच्या दारावरून जाताना पदर सावरून भराभर चालायची. ओटी भरायला कुणी तिला पुढं केलेलं मी तरी पाहिलं नाही. याची मला चीड यायची आणि ती मी बोलूनही दाखवायचे, पण गल्ली एका बाईच्या ओरडण्यानं थोडीच सुधारते!

एकदा ती मला म्हणाली, "ताई, मला अशा गावात जाऊन म्हातारं व्हायचंय जितं मला कुनीच वळखत न्हाई. तितं गेल्यावर मी सांगंन तेच खरं."

घर तसं वाईट नव्हतं. दगडमातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचं धाबं, मध्ये सागाची जाड तुळई. पण विकायला काढलं आणि त्याचे सगळे अवगुण एकदम दिसायला लागले. त्यातला पहिला अवगुण तर दर्शनी भिंतीवर लाल रंगात लिहिलेला होता.

त्याची गोष्ट अशी. कुटुंबनियोजनाचं चित्र काढायला एक रंगारी गल्लीत आला. ज्या भिंतीपाशी बादली टेकवी तिथली बाई त्याला हाकलून लावी. एकीकडं नवी सून आलेली, एकीकडं सुनेला दिवस गेलेले. रतनबाई म्हणून आमच्या समोर राहते, तिच्या जिभेला हाड नाही. तिनं त्याला मुक्ताची भिंत दाखवली आणि म्हणाली, "तितं काढा. तितं कुनाचं काय बिघडत न्हाई." मुक्ता कामावर होती. मी त्या दिवशी नेमकी कापड आणायला बाजारात. परत आले तोवर भिंतीवर हातभर मोठा लाल त्रिकोण, बाजूला आई, बाप आणि दोन पोरांची हसरी तोंडं, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'दोन किंवा तीन पुरेत'.

संध्याकाळी मुक्ता आली. डोक्यावरचं घमेलं न उतरवता तिनं एकेक अक्षर लावत ते वाचलं.

"दोन किंवा तीन म्हनं," ती म्हणाली. "मला एक बी पुरलं असतं."

पहिलं गिऱ्हाईक आलं ते कान्हूर पठाराकडचं. नवरा-बायको दोघं. बाप्या आत जाऊन धाबं बघून आला, बाई मात्र ओट्याच्या पायरीवरच थांबली. तिनं भिंतीकडं बोट केलं. "दारातच ही खूण. आमच्या लेकाचं औंदा लगीन हाय. न्हाई बाई." आणि दोघं गेली. मुक्तानं त्यांच्यासाठी शेजारून उसनं आणलेलं दूध तसंच परत केलं. शेजार म्हणजे मीच.

मग तिनं कंबर कसली. हातात पैसा नव्हता आणि उधारी करायची नाही हा तिचा हट्ट. त्यामुळं जे काही करायचं ते फुकटात किंवा माझ्या जिवावर. बाजारातून थोडा कळीचा चुना आणला. तो भिजवायला पाणी हवं. प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघायची, तिथं भिंतीला पाणी कुठून येणार? तिनं मला सांगितलं, "ताई, आंगुळ करताना मोठ्या घमेल्यात उभ्या ऱ्हावा. पानी वाया घालवू नका." आणि मी महिनाभर घमेल्यात उभी राहून अंघोळ केली. त्या वयात तोल सांभाळत घमेल्यात उभं राहणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. आमचे हे बाहेरून विचारायचे, "झालं का तुमचं सर्कशीतलं काम?" मी मुक्तावर चिडायचे आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी घमेल्यात उभी राहायचे.

त्या पाण्यात तिनं चुना भिजवला, नीळ घातली आणि सगळी भिंत पांढरी केली. संध्याकाळी भिंत बघून जिवाला बरं वाटलं. सकाळी वाळल्यावर बघतो तर त्रिकोण गुलाबी होऊन वर आलेला. तिनं दुसरा हात मारला. पुन्हा तो वर आला. तिसऱ्या हाताला त्रिकोणावरचा चुना पोपडे होऊन गळाला आणि ती चार तोंडं पडद्याआडून डोकावल्यासारखी आमच्याकडं बघून हसायला लागली. मुक्तानं ब्रश म्हणून वापरायचा केकताडाचा कुंचा भिंतीवर आपटला आणि मटकन खाली बसली. मी मशीन थांबवून त्या रंगाऱ्याला मनसोक्त शिव्या दिल्या. रतनबाई दारात उभी राहून म्हणाली, "जाऊ द्या की वो, चित्र काय वाईट न्हाई." तिला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दोन दिवस मुक्ता भिंतीकडं बघायची नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडं गेरू मागायला आली. "लाल झाकत न्हाई ना? मंग सगळंच लाल करते." आणि तिनं कंबरेपासून वर खांद्यापर्यंत सगळी दर्शनी भिंत गेरूनं सारवून काढली, वर चुन्याचा पट्टा सोडला, मध्ये चुन्याच्या ठिपक्यांची वेल काढली. त्रिकोण त्या लालात बुडाला. लग्नघर असावं तशी भिंत दिसायला लागली. ही अक्कल आधी का सुचली नाही म्हणून मी तिच्यावर ओरडले, कारण माझी महिनाभराची अंघोळ त्या चुन्यात गेली होती.

पुढं जमीन. सारवायला शेण नाही. गावातली सगळी जनावरं चारा छावणीत. छावणीवरचा राखणदार शेणाला कुणाला हात लावू देत नव्हता. मुक्तानं त्याच्या बायकोशी ओळख काढली आणि तिला एक पोलकं कबूल करून आली. पोलकं शिवायचं कुणी? मी. कापड कुणाचं? तेही माझ्याच उरलेल्या तुकड्यांचं. "अगं, मी काय तुझी मोलकरीण आहे का?" असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "न्हाई ताई, तुमी माझ्या हक्काच्या." पोलकं शिवलं, शेण आलं, जमीन सारवली.

दाराला लावायला एस.टी.च्या ड्रायव्हरकडून जळकं ऑईल आणलं. त्यानं दार काळंभोर झालं खरं, पण आठ दिवस सुकेना. वास तर असा की माझ्या घरात भाकरीला तोच वास. त्यातच माझं नवं लुगडं त्या दाराला टेकलं. डाग आजतागायत गेला नाही. धाब्याचं मात्र तिनं काही केलं नाही. म्हणाली, पाऊसच नाही तर गळतं की नाही हे कुणाला कळणार?

दुसरं गिऱ्हाईक भाळवणीचा एक दुकानदार. बरोबर त्याची म्हातारी चुलती. त्याला घर मनापासून आवडलं. भिंतीवरून हात फिरवला, जमिनीवर पाय आपटून बघितला. मुक्तानं चहा ठेवला. मी मशीनवर बसल्या बसल्या देवाचं नाव घेत होते. तेवढ्यात चुलतीनं मान वर करून तुळईकडं पाहिलं.

आता हे सांगायला हवं. आमच्याकडं माजघराच्या तुळईला दोन लोखंडी कड्या असतात, पाळणा टांगायला. घरात मूल मोठं झालं तरी कड्या काढत नाहीत. घर विकलं तरी त्या घराबरोबरच जातात. पुरुष माणूस घर बघायला आला की भिंत आणि धाबं बघतो, बाई आली की आधी तुळई बघते.

"कड्या दिसत न्हाईत कुटं," चुलती म्हणाली.

दारात तमाशा बघायला रतनबाई उभी होतीच. ती म्हणाली, "कड्या कशाला लागत्यात त्यांना."

एवढंच म्हणाली. चुलतीनं हातातली कपबशी तोंडाला न लावता खाली ठेवली. दुकानदार 'बघतो, कळवतो' म्हणाला आणि पायऱ्या उतरला. मुक्तानं तो चहा मोरीत ओतला, दुष्काळात, साखरेचा चहा. मग ज्या सारवलेल्या जमिनीवर ती माणसं उभी राहिली होती ती तिनं खराखरा झाडून काढली. मला इतका संताप आला होता की हातातल्या पोलक्याची बाही मी उलटी जोडली. चुना म्हणू नका, गेरू म्हणू नका, शेण, ऑईल, माझी अंघोळ, सगळं गेलं वाया, दोन कड्यांपायी!

दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर येऊन बसली. मग म्हणाली, "ताई, तुमच्या तुळईच्या कड्या द्या."

मी मशीनच्या चाकावरचा हात काढला. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

माझ्या लेकीला, मालनला, दिवस गेले होते. पहिलटकरीण, वैशाखात बाळंतपणाला माझ्याकडंच येणार. तिच्या लेकराचा पाळणा मग मी कुठं टांगू? मी साफ नाही म्हणाले. म्हटलं, लोहाराकडून नव्या कर.

"नव्या चकाकत्यात. बाईमानसाला लगी कळतं."

"मग बाजारात मोडीवाल्याकडं बघ. जुन्या ढिगानं मिळतील."

तिनं मान हलवली. "त्या कुनाच्या असत्याल, कुनाचं काय झालं असंल. तुमची चारी पोरं जगली."

घर विकायला खोट्या कड्या लावणारी बाई, आणि त्याही शुभ हव्यात तिला! दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. स्वतःवर चिडले, तिच्यावर चिडले, आमच्या ह्यांच्यावर तर कारण नसताना चिडले. चार लेकरांच्या दोऱ्यांनी त्या कड्या आतून घासून गुळगुळीत झालेल्या. रात्री-अपरात्री माझ्या हाताला त्यांची कुरकुर सवयीची झालेली. तिसऱ्या दिवशी ह्यांना म्हटलं, कड्या उपटून द्या. "वेड्या झालात दोघी," असं म्हणत ह्यांनी पक्कड घेतली.

सुतार बोलावला तर गावभर होईल, म्हणून मुक्तानं स्वतः स्टुलावर चढून कड्या ठोकल्या. मग तिच्या लक्षात आलं, कड्या जुन्या पण तुळई कोरी. पाळण्याच्या झोक्यानं कडी हलून हलून लाकडाला चर पडतो, तो कुठाय? तिनं कड्यांना सोल, म्हणजे जाड दोर, बांधला, खाली पोत्यात माती भरून टांगली आणि झोके द्यायला लागली.

ती दुपार माझ्या लक्षात आहे. मधली भिंत एक, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं. कुर्र, कुर्र, कुर्र. माझ्याच कड्यांचा आवाज, शेजारच्या घरातून. बराच वेळ झाला, आवाज थांबेना. एवढ्यात तर तुळई अर्धी कापली असेल, असं वाटून मी तिला झापायला म्हणून उठले. दार लोटलेलं होतं. आत मुक्ता भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. दोरी हातात. ती तुळईकडं बघत नव्हती, पोत्याकडं बघत होती. मी तशीच परत आले. संध्याकाळपर्यंत कुरकुर चालू होती.

पाडवा आठ-दहा दिवसांवर आला तेव्हा तिसरं गिऱ्हाईक यायचं ठरलं. आबासाहेब नावाचा तरणा माणूस, सरकारी जीपवर नुकताच ड्रायव्हर लागलेला. घर त्याला हवं होतं, पण पसंती त्याच्या आईची. आई झुंबरबाई आणि पोटुशी बायको लंका, तिघं येणार होती.

मला काळजी रतनबाईची. ती दारात येऊन उभी राहिली की झालंच. तोंड बांधून ठेवायचं तर कसं? त्या दिवशी सकाळी मी ओट्यावरून मोठ्यानं ओरडले, "अगं बायांनो, टँकर खालच्या आडावर आलाय! आज इकडं येणार नाही!" दुष्काळात यापुढं काही सांगावं लागत नव्हतं. पुढच्या क्षणी गल्लीतल्या सगळ्या बाया हंडे, कळश्या, डबे घेऊन पळाल्या. रतनबाई सगळ्यांत पुढं, काखेत दोन कळश्या. गल्लीत काळं कुत्रंही उरलं नाही.

थोड्या वेळानं ही माणसं आली. झुंबरबाई दारात उभी राहून इकडं तिकडं बघत म्हणाली, "गल्ली लई गप हाय."

"शांत वस्ती आहे," मी म्हटलं आणि मदतीला म्हणून मुक्ताच्या घरात जाऊन बसले.

झुंबरबाई पक्की होती. बोटाच्या पेरानं भिंत वाजवून बघितली. दाराचा वास घेतला. "ह्याला कसला वो वास?"

"वाळवी लागू नये म्हनून," मुक्ता म्हणाली.

"धाबं गळतं का?"

"गळायला आदी पाऊस तर पडू द्या, आत्या."

आबासाहेब हसला. म्हातारीही हसली. मग तिनं मान वर केली. तिनं डोळे बारीक करून तुळई बघितली, कड्या बघितल्या, चर बघितला. सुनेला म्हणाली, "बग, कड्या हायत."

लंका वर बघत राहिली. लाजरी पोर, पोटावर हात ठेवून उभी. मुक्ता चहा गाळत होती. लंकानं तिला विचारलं, "मावशी, तुमची किती लेकरं निजली ह्याच्यात?"

मेले! चुन्यापासून सोलापर्यंत आम्ही सगळा विचार केला होता, पण कड्या बघून कुणी हे विचारील, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. निदान माझ्या तरी नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुक्ता मान वर न करता म्हणाली, "दोन. थोरला कानिफनाथ आन धाकली बनू."

"थोरला नवसाचा व्हय?" झुंबरबाईनं विचारलं.

"व्हय. मढीला नवस केला हुता. पायी गेल्ते म्या. बनू माझ्या आईचं नाव."

"दिसत न्हाईत कुटं?"

"मामाकडं हायत, देवळालीला. हितं पान्याचं असलं हाल. तिकडंच शाळंत घातली दोगांना." तिनं एकेक कप भरून पुढं केला. "कानिफ सातवीत हाय. अक्षर लई चांगलं त्याचं. बनूला नुसतं आंबट लागतं. चिंचंखालनं उठत न्हाई, दात आंबलं तरी. केस धुवायला बसली की गाव गोळा करती."

ती बोलत होती आणि मी तिच्याकडं बघत होते. थांबणं नाही, अडखळणं नाही. इतकी वर्षं मधल्या भिंतीला कान लावल्यासारखी मी शेजारी राहिले, पण ही नावं मी कधी ऐकली नव्हती. काकासाहेबांना तरी ठाऊक होती की नाही, देव जाणे. आणि नेमकी तेव्हाच झुंबरबाई माझ्याकडं वळली.

"व्हय वो शेजारीन? तुमच्या मांडीवरच वाढली असत्याल मंग."

तिची नजर माझ्या तोंडावर रोखलेली. इथं चाचपडले असते तर सगळं मातीत गेलं असतं. मी फाडकन म्हटलं, "मांडीवर कुठली, डोक्यावर! तो कानिफ्या म्हणजे महा व्रात्य कार्टं. माझ्या मशीनचा पट्टा पळवून त्यानं गलोल केली. सुई मोडली. एकदा गिऱ्हाइकाच्या कोऱ्या कापडाला कात्री लावली त्यानं. आई कामावर, बाप परगावी, निस्तरायचं कुणी? मी! आता मामाकडं गेलाय तर चार दिवस सुखात आहेत माझे."

खरं तर राग माझ्यात आधीच भरपूर साठलेला होता, त्याला फक्त वाट मिळाली. लंका तोंडाला पदर लावून हसायला लागली. झुंबरबाई समाधानानं चहा प्यायली आणि बशीसुद्धा पुसून घेतली. "खोडकर पोराबिगर घराला घरपन न्हाई," ती म्हणाली आणि लेकाला विसार द्यायला सांगितलं. नारळ-सुपारी झाली. पाडव्याच्या आधी कागद करायचा ठरलं.

निघताना म्हातारी दारात थबकली. "कड्या काढून नेऊ नका बरं का. घराच्या घरालाच असू द्या."

"छे, छे," मुक्ता म्हणाली.

वैशाखात माझ्या मालनचा पाळणा कशाला टांगायचा होता ते आता मलाच शोधायला लागणार होतं.

ती माणसं कोपऱ्यावर वळली आणि त्याच कोपऱ्यावरून गल्लीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन परत आल्या. रतनबाई लांबूनच माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत येत होती. टँकरच्या रागात तिनं त्या पाहुण्यांकडं ढुंकूनही बघितलं नाही. मी जन्मात पहिल्यांदा तिच्या शिव्या उलटून न बोलता ऐकून घेतल्या.

बाया घरोघरी गेल्यावर मी आत गेले. वाटलं होतं, मुक्ता आनंदात असेल, निदान देवापुढं साखर तरी ठेवली असेल. ती मोरीत वाटीभर पाण्यात कपबश्या विसळत होती. विसळत कसली, आदळत होती.

"झालं बाई एकदाचं," मी म्हटलं. "सुटलीस या गल्लीतून."

तिनं आणखी एक कप आदळला.

"अगं, झालं काय तुला? घर गेलं ना चांगल्या माणसांना?"

"ताई," ती वळली. डोळे लालबुंद. "तुमाला कुनी सांगितलं हुतं?"

"काय?"

"माझ्या कानिफला व्रात्य म्हनायला."

तिनं हातातला कप खाली ठेवला.

"गलोल काय, कात्री काय! मनाला यील ते बोलत सुटलात. थोरला माझा गरीब. कुनाच्या वस्तूला हात लावायचा न्हाई. कुनी आरडलं तर कोपऱ्यात जाऊन बसतो. खोड्या सगळ्या बनूच्या."

माझ्या घमेल्यातल्या अंघोळी, माझं पोलकं, माझं लुगडं, माझ्या लेकरांच्या कड्या, आणि वर हे ऐकून घ्यायचं! एरवी मी तिला सोडलं नसतं. पण ती ओल्या हातांनी माझ्यासमोर उभी होती आणि तिला उत्तर हवं होतं.

"चुकलं माझं, मुक्ता," मी म्हटलं. "घाईत नाव उलटं गेलं. सुई बनूनंच मोडली."

"मंग तसं सांगायचं," ती म्हणाली आणि शेवटची बशी पालथी घातली.